थनाक्याआडचा चेहरा

न्यो मावशीच्या हातचा थनाका एकदा गालावर बसला की संध्याकाळपर्यंत हलत नाही, हे आमच्या धक्क्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा. तीस वर्षं झाली, नदीच्या धक्क्यावर चिंचेखाली तिचं दुकान आहे. दुकान कसलं, एक बाकडं, एक सहाण, पाण्याचा तांब्या आणि थनाक्याच्या खोडांची चळत. येणाऱ्या बाईचं तोंड बघून ती खोड उचलायची, साल चंदनासारखी पाण्यात उगाळून पिवळा लेप करायची आणि म्हणायची, "उन्हात जाणार आहेस ना? मग कंजूषपणा कशाला? जाड लाव." स्वतः तर ती इतका जाड लावायची की तिचे दोन्ही गाल नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखे दिसायचे. लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा मेल्यांनो. साठीला टेकले, गालावर एक डाग दाखवा, दुकान तुमच्या नावावर करते."

तिचा फोन वुन्नाने आणून दिलेला. वुन्ना म्हणजे तिचा एकुलता एक. नवरा नदीत बुडाला तेव्हा पोर चार वर्षांचं होतं, त्याला तिने ह्या सहाणेवर वाढवलं आणि गणिताचा मास्तर केलं. पहिल्या वर्षाच्या पगारातून त्याने आईला फोन घेतला आणि घरी येऊन हुकूम सोडला, "आई, तोंड धुऊन ये."

"का रे? आत्ताच तर लावलाय."

"फोनला तुझा खरा चेहरा दाखवायचाय. चेहरा बघून तो उघडतो."

"मग हा काय खोटा आहे?"

"खोटा नाही गं बाई. पण त्या थराच्या आत कोण आहे ते त्या बिचाऱ्याला कसं कळणार?"

मावशी कुरकुरत उठली, तोंड धुऊन आली. वुन्नाने फोन तिच्यासमोर धरला. मान उजवीकडे, मान डावीकडे, वर बघ, खाली बघ. "अगं हळू! झोपाळ्यावर बसलीयस का?" असं म्हणून दोघं इतकी हसली की सगळं पहिल्यापासून करावं लागलं. कधी चेहरा ओळखला नाही तर टाकायला सहा आकडे हवे होते. मावशीने क्षणाचाही विचार न करता वुन्नाची जन्मतारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखा थनाका लावला, फोन समोर धरला आणि फोन ढिम्म. "बघ," ती पोराला म्हणाली, "तुझा फोन तुझ्यासारखाच हट्टी." मग तिने बोटाने सहा आकडे दाबले. तेव्हापासून तिचं रोजचं तसंच चालायचं. सकाळी तोंड धुतलेलं असताना चेहऱ्याने उघडायचा, बाकी दिवसात कधी एखाद-दुसऱ्या वेळी लागला तर आकड्यांनी.

मग ते सगळं झालं. काय झालं ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लष्कराने राज्य बळकावलं म्हणून शाळेत जायचं नाही असं मास्तरांनी ठरवलं, वुन्नाही गेला नाही. महिनाभरात कचेरीच्या भिंतीवर पकडायच्या माणसांची यादी लागली आणि त्यात सातवं नाव वुन्नाचं. त्याच आठवड्यात तो बायकोला, यदनाला, घेऊन नदीपलीकडे निघून गेला. यदनाला तेव्हा पाचवा महिना होता. कुठे गेला ते मावशीलाही त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तुला ठाऊक नसेल तर तुला सांगावं लागणार नाही." बा ठे नावाड्याला तेवढं माहीत होतं, कारण त्याच्याच नावेतून ते गेले होते. कधी मावशी सुकी मासळी पाठवायची, कधी बाळंतिणीसाठी हळद, आणि तो काही न बोलता घेऊन जायचा. पलीकडे, पुलापासून बरंच वर, एका बंद पडलेल्या भातगिरणीत वुन्ना पोरांना पाढे शिकवत होता. बंदूक नाही, काठी नाही. खडू होता त्याच्या हातात, तोही भिजका.

इकडे पुलावर चौकी बसली. मावशीला दर आठवड्याला थनाक्याची खोडं आणायला पुलापलीकडच्या बाजारात जावंच लागे. चौकीवरचे शिपाई फोन मागायचे, हातात घ्यायचे आणि माणसाच्या तोंडासमोर धरायचे. झालं! सगळं आयुष्य उघडं. पूर्वी माणसाला बोलतं करायला त्यांना कष्ट पडायचे, आता माणूस गप्प उभा राहिला तरी चालतं. आपलाच चेहरा आपली चहाडी करतो. काय दिवस आलेत, सांगा!

वुन्नाने वेगळ्याच कुठल्या तरी नंबरावरून फोन करून बजावलं. "आई, बाजारातल्या मा चोच्या दुकानात जा. तिला सांग, चेहऱ्याचं कुलूप काढून टाक, फक्त आकडे ठेव. आणि माझे सगळे फोटो पुसून टाक. सगळे."

"आकडे ठेवले तर ते मारून विचारतील," मावशी म्हणाली.

"अगं, पण..."

"ऐक माझं. थनाका लावला की हा फोन मला ओळखत नाही. दोन वर्षं बघतेय मी. समोर धरू देत त्यांना हजार वेळा. मी म्हणेन, बाबांनो, आकडे माझी भाची टाकते, मला म्हातारीला काय कळतंय! फोनच मूर्ख निघाला तर माझा काय दोष?"

"आई, थनाक्यावर कसला भरवसा ठेवतेस?"

"माझ्या थनाक्यावर मी तीस वर्षं जगलेय," मावशी तडकून म्हणाली. "तुला वाढवलं त्याच्यावर."

वुन्ना म्हणाला, "बरं. पण फोटो तरी पूस."

फोटो तिने पुसले. खरंच पुसले, मा चोच्या दुकानात बसून, एकेक करून, डोळ्यांतून पाणी गाळत. मा चो फोन दुरुस्त करणारी, चाळिशीची बाई, तोंडाने फटकळ पण मनाने सोन्यासारखी. ती म्हणाली, "मावशी, हा एक राहिला."

"राहू दे तो."

"मावशी."

"एक आहे गं. एक राहू दे."

तो वावाचा फोटो होता. वावा म्हणजे नात. शंभराव्या दिवशी तिचं जावळ धुतलं, तेव्हाचा. आजीने नातीच्या डोक्यावर पहिलं पाणी घालायचं, आणि इथे आजी नदीच्या ह्या काठाला. वुन्नाने वावाला दोन्ही हातांत उचलून धरलं होतं, तिचे केस ओले, डोळे मिचमिच, आणि तो हसत होता. किती वाळला होता! मावशी त्या फोटोत तेवढंच बघायची. आधी वावाचं ओलं डोकं, मग वुन्नाच्या गळ्याची वर आलेली हाडं. ह्या दोन जागा सोडून तिची नजर कधी तिसरीकडे गेली नाही.

मग पहिल्यांदा चौकीवर तिला अडवलं. शिपायाने फोन तिच्यासमोर धरला. फोन थरथरला, उघडला नाही. परत धरला. नाही. "मावशी, हे काय?" तो म्हणाला.

"मला काय विचारतोस? भाचीने दिलाय. ती आकडे टाकून देते, मग मी गाणी ऐकते."

"भाची कुठाय?"

"सासरी. बोलावू का? जावई भांडायला येईल तुझ्याशी."

मागच्या रांगेतली माणसं फिसकन हसली. शिपायालाही हसू आलं, त्याने फोन परत दिला. त्या दिवशी धक्क्यावर मावशी अशी काही आली की जणू लढाई जिंकून आली. दोन दिवसांत ही गोष्ट घरोघर गेली आणि आठवड्याभरात तिच्या बाकड्यापाशी बायकांची ही गर्दी! सगळ्या म्हणत, "मावशी, जाड. फोनला ओळखू येणार नाही इतका जाड." मावशी उगाळता उगाळता म्हणायची, "अगं, पातळ लावून जाशील तर पस्तावशील." त्या दिवसांत ती खूश होती, हेही सांगितलं पाहिजे. कुणाचं तरी काही तरी आपण राखतोय असं तिला वाटत होतं.

फोन घरी ठेवून पुलावर जा, असंही वुन्ना म्हणाला होता. पण त्याचा फोन कधी येईल त्याचा नेम नसायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी, दोन मिनिटं, चित्रासकट. वावाला समोर धरून तो म्हणायचा, "ही बघ, तुझी आजी," आणि वावा आजीच्या पिवळ्या गालांकडे बघून दोन्ही हात हवेत मारायची. ती दोन मिनिटं चुकली असती तर? फोन घरी ठेवून बाजारात जाणं मावशीला जमलंच नाही. आणि मधल्या रिकाम्या वेळात तो एक फोटो होता. बाकड्यावर बसल्या बसल्या ती दिवसातून वीस वेळा फोन उचलायची. समोर धरायची, तो थरथरायचा, ती सहा आकडे दाबायची, आणि वावाचं ओलं डोकं उघडायचं. उचल, थरथर, आकडे, वावा. गिऱ्हाईक आलं की ठेव, गेलं की परत उचल.

मग एका सकाळी काय झालं, तिने फोन उचलला आणि आकडे दाबायच्या आधीच तो उघडला. गालावर थनाका होता. मावशी चपापली. हात लावून बघितला, थर जरा पातळ वाटला. पहाटे खोड ओलं निघालं होतं, नीट उगाळलं गेलं नव्हतं. "पातळ लागला म्हणून उघडला मेला," ती स्वतःशी म्हणाली आणि तिथेच दुसरा हात फिरवून घेतला. तीस वर्षांचा धंदा तिचा. दोष थनाक्यातच असणार, दुसरं काही तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. दुसरा थर लावल्यावर तिने फोन परत समोर धरून बघितला असता तर! पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी ती जाड थनाका लावून पुलावर गेली. ह्या वेळी शिपाई नवा होता. पोरगेलासा, गोड बोलणारा. "मावशी, इकडे बघा."

मावशीने खुशाल बघितलं. भाचीची गोष्ट जिभेवर तयारच होती.

"झालं," तो म्हणाला.

काय झालं ते तिला क्षणभर कळलं नाही. मग त्याच्या हनुवटीवर फोनचा उजेड पडलेला तिला दिसला. तो अंगठ्याने वर-खाली करत होता. करण्यासारखं होतंच काय त्यात? एकच फोटो.

"कोण हा?"

"भाचा. सासर... म्हणजे माहेरचा," मावशी अडखळली.

"वाळलाय फार," पोरगा म्हणाला आणि फोन घेऊन आतल्या हवालदाराकडे गेला.

तिला बाकावर बसवलं. आत भिंतीवर यादी होती आणि यादीवर फोटो होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. थोड्या वेळाने पोरगा बाहेर डोकावला. आत नेईपर्यंत फोन परत बंद झाला होता. त्याला पुन्हा उघडायला हवा होता.

तेवढ्या अवधीत मावशीने जे केलं, ते त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी बघितलं. बाकाशेजारी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ होता. तिने ओंजळी भरभरून पाणी तोंडावर मारलं आणि पदराच्या टोकाने, बाह्यांनी, नखांनी गाल खरवडले. पिवळं पाणी तिच्या गळ्यावरून ओघळत होतं. थनाका लावलेला चेहरा त्या फोनला कळला, तर मग धुतलेला कळू नये, असा काही तरी वेडा हिशेब तिच्या मनात होता. घाबरलेल्या माणसाला कसला सुचतो विचार! आमच्या गावातल्या कितीतरी लोकांनी न्यो मावशीचा मोकळा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. आपल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईचा असतो तसाच होता तो.

पोरग्याने फोन समोर धरला. त्याच मोकळ्या चेहऱ्याला दोन वर्षांपूर्वी वुन्ना म्हणाला होता, मान उजवीकडे, मान डावीकडे. फोन लगेच उघडला.

"थँक्यू मावशी," पोरगा म्हणाला.

आतून हवालदाराचा आवाज आला. "ही मागची धुराची चिमणी बघ. पिंपळ उगवलेली. लाँचमधून जाताना दिसते ना रे आपल्याला?"

चिमणी! मावशीला चिमणी आठवेना. दिवसातून वीस वेळा बघितलेल्या त्या फोटोत चिमणी होती हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि नदीवर फिरणाऱ्या प्रत्येकाला भातगिरणीची ती चिमणी ठाऊक होती, वाकडी, माथ्यावर पिंपळ घेऊन उभी असलेली.

पाऊण तासाने पुलाखालून लाँच सुटली. मावशी बाकावर. जायचं नाही, हलायचं नाही, फोन आत. त्याच वेळी पुलाखालून बा ठेची नाव जाताना तिला दिसली. ती उठून जीव खाऊन ओरडली, "बा ठे! अरे बा ठे!" शिपायाने तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं. बा ठेने वर बघितलं. म्हातारी पुलावरून हाक मारतेय, नेहमीचंच, असं त्याला वाटलं असणार. त्याने हात हलवला आणि प्रवाहाबरोबर उलट्या दिशेला निघून गेला.

चार वाजता तिला फोन परत मिळाला. "घ्या मावशी, सांभाळा," पोरगा म्हणाला. कुणी तिच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं. फोनवर एक चुकलेला कॉल होता, अनोळखी नंबर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तिने उलटा लावला. तो नंबर लागला नाही, आजतागायत लागलेला नाही.

वुन्नाला नेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आली. कुठे नेलं, ते कळलं नाही.

मावशी तिसऱ्या दिवशी मा चोच्या दुकानात गेली. चेहऱ्यावर काही लावलेलं नव्हतं. तिने फोन काउंटरवर ठेवला आणि एवढंच विचारलं, "कसा उघडला?"

मा चोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, चेहरा ओळखला नाही की लगेच तुम्ही आकडे टाकत होतात ना? बरोबर आकडे?"

"मग? माझेच तर होते."

"त्यातून तो शिकतो हो. चेहरा वेगळा दिसला, पण पाठोपाठ आकडे बरोबर पडले, म्हणजे माणूस तोच आहे, असं तो धरतो. रोज थोडं थोडं लक्षात ठेवतो. तुम्ही दिवसातून..."

"वीस वेळा," मावशी म्हणाली.

मा चोने फोन काउंटरवर पालथा घातला.

"म्हणजे मीच शिकवलं त्याला."

"तुम्हाला काय माहीत, मावशी! मला तरी कुठे सुचलं सांगायचं? माझ्याच दुकानात बसून तुम्ही फोटो पुसलेत." तिने फोन मावशीकडे सरकवला. "डोळे मिटले असतेत तर उघडला नसता बहुतेक."

हे तिने बोलायला नको होतं. पण बोलून गेली बिचारी. त्या दिवसापासून मावशी बाकड्यावर बसल्या बसल्या मध्येच डोळे घट्ट मिटायची आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. थनाका ती दुसऱ्यांना उगाळून द्यायची. स्वतःच्या गालाला मात्र लावायची नाही. फोन तिने घरात तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.

इकडे गावाला कुणी तरी दोषी हवाच होता. गिरणीची जागा बा ठेला माहीत होती, म्हणून बा ठेचं नाव निघालं. लोक त्याच्या नावेत बसेनासे झाले. त्याच्या बायकोने चूल पेटवली तर शेजारणी दार लावून घ्यायच्या. हे मावशीच्या कानावर आलं आणि तिने दोन दिवस ते पोटात ठेवलं. दोन दिवस! चांगल्या माणसालाही इतका वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी, धक्क्यावर बायकांची गर्दी असताना, ती बाकड्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "बा ठेने काही केलेलं नाही. माझ्या फोनवरून कळलं. फोटो मी ठेवला होता. थनाका लावला की फोन ओळखत नाही, हे मी तुम्हाला सांगत होते ना, ते खोटं आहे. तो ओळखतो. घरी जाऊन आपापले फोन बघा." मग ती खाली उतरली आणि उगाळायला बसली. त्या दिवशी कुणी काही विकत घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी यदना आली. वावाला पाठीशी बांधून, जंगलातून वळसा घालून, चालत. पायांचे तळवे फाटलेले. मावशीने तिला आत घेतलं, गरम पाणी दिलं, समोर भात वाढला. यदना जेवेपर्यंत तिला धीर धरवला नाही. ती म्हणाली, "पोरी, आधी ऐक. मग वाटलं तर जेव."

आणि तिने सगळं सांगितलं. फोटो, जाड थनाका, वीस वेळा, चिमणी, माठातलं पाणी. काही झाकलं नाही. यदनाचा हात भातात तसाच राहिला. मावशीला वाटलं, आता ही उठेल आणि पोर घेऊन निघून जाईल, आणि जायलाच हवं.

"आम्हाला वाटत होतं, बा ठेने सांगितलं," यदना शेवटी म्हणाली.

"नाही. मी."

"एकच्या सुमाराला ह्यांनी तुम्हाला फोन केला होता. उचलला नाहीत."

"फोन त्यांच्याकडे होता गं. काय सांगायचं होतं त्याला? कळलं होतं का त्याला काही?"

"काही कळलं नव्हतं. वावाला दात आला होता. तो दाखवायला केला होता."

मावशीने तोंडात पदर कोंबला.

"तो फोटो आहे अजून?" यदनाने विचारलं. "माझा फोन मी नदीत टाकला. माझ्याकडे त्यांचा एकही नाही."

मावशी उठली, तांदळाच्या डब्यातून फोन काढला. तो चार्जरला लावला. फोन चालू झाल्यावर तिने आकडे दाबले, एकदा चुकले, मग लागले. पण चौकीवर काय काय दाबलं होतं कोण जाणे, तो फोटो काही तिला सापडेना आणि ती शोधत बसली तोवर काच काळी झाली. तिने फोन परत उचलला मात्र, तो तिच्या मोकळ्या चेहऱ्याकडे बघून पटकन उघडला. मावशीला त्याचा राग राग आला. यदनाने फोन हातात घेतला, तो फोटो शोधून काढला, आणि मग ती जी रडली ती आतापर्यंत साठवलेलं सगळं रडली.

आईचं रडणं ऐकून वावा उठली. मावशीने धावत जाऊन तिला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा नात हातात आली होती. वावाने वर बघितलं. कोण ही बाई? तिने ओठ काढला आणि असा काही टाहो फोडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मावशीने तिला थोपटलं, नाचवलं, "अगं, मी तुझी आजी, आजी गं," म्हणून बघितलं. वावा अंग मागे टाकत होती, हात लांब करून आईकडे झेपावत होती. त्या काचेतल्या दोन पिवळ्या गालांची आजी तिला ठाऊक होती. ही कुणी तरी परकी होती.

"घे बाई, घे तुझं लेकरू," मावशी म्हणाली. "तिचं बरोबर आहे. माझ्या तोंडाकडे बघूच नये कुणी."

यदनाने वावाला घेतलं नाही. तिने डोळे पुसले, कोपऱ्यातली सहाण ओढली, एक खोड उचललं आणि तांब्यातलं पाणी सहाणेवर ओतून उगाळायला लागली. तिला काही नीट येत नव्हतं, जोर नको तिथे लागत होता. मावशीच्या तोंडाशी आलं होतं, अगं आडवं धर खोड, पण तिने ते गिळलं. यदना उठून समोर आली. चार बोटांनी तिने सासूच्या उजव्या गालावर थनाका फिरवला, मग डाव्या गालावर. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती. मावशीने माया मागितलीही नव्हती.

वावाचं रडणं हुंदक्यांवर आलं. मग हुंदकेही थांबले. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि दोन्ही हात हवेत मारून हसली. तो नवा दात दिसला. मग तिने आपला हात आजीच्या ओल्या गालावर थाप्पकन मारला आणि बोटं तोंडात घातली. मावशीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि नुकत्याच लावलेल्या थनाक्यातून खाली वाट काढत गेलं.

"रडू नका, निघतोय तो," यदना म्हणाली. ती परत सहाणेपाशी बसली होती, खोड तिच्या हातात होतं. "आणि आजपासून रोज लावायचा. हे सुटून येतील तेव्हा त्यांना आई ओळखू यायला हवी."

मावशीने वावाला कडेवर सरकवलं, यदनाशेजारी बसली आणि खोड आडवं कसं धरायचं ते तिला दाखवलं.